‘घेतली’
(दहावी १९९६च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘आयटीतले माझे अनुभव’. निबंधात दिलेला विषय सोडून भलतंच लिहिलं की मराठीच्या बाई समासात लाल शाईनं ‘विषयांतर’ असं लिहायच्या. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून आधीच माफी मागते. आज मी विषयांतर करणार आहे. म्हणजे अनुभव आयटीतलाच आहे, पण तो माझ्या नोकरीतला नाही, घरातला आहे.

शाळेसमोरचं वह्या-पुस्तकांचं दुकान तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. ते आमचं. काउंटरमागे बसणारे आप्पा माझे वडील. मधल्या सुट्टीत पेनात शाई भरून घ्यायला, परीक्षेच्या दिवशी विसरलेलं रबर घ्यायला तुम्ही सगळे तिथे आला आहात. काही जणांचे पैसे अजून यायचे आहेत. आज हे सांगू का, असं आप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सांग की. फक्त उधारीवाल्यांची नावं घेऊ नकोस.” तेव्हा घाबरू नका.

जानेवारी २०१९ मध्ये आप्पांना हृदयविकाराचा झटका आला. वय ६६. मिरजेला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि चौथ्या दिवशी ते घरी आले. सोबत इंग्रजीत टाइप केलेलं डिस्चार्ज कार्ड आणि रोजच्या सात गोळ्या. त्यातली एक रात्रीची, ॲटोरवास्टॅटिन. कोलेस्टेरॉलची गोळी, असं आपण म्हणतो. डॉक्टरांच्या भाषेत स्टॅटिन. आमची आजची गोष्ट या एका गोळीची आहे.

पहिलं वर्ष नीट गेलं. मग २०२० साली लॉकडाउन आला. मी पुण्यात अडकले, आई-आप्पा इथे. काळजी वाटली की माणूस त्याला जे येतं ते करतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एप्रिलमध्ये दोन रविवार बसून मी आप्पांसाठी एक छोटं ॲप बनवलं. ठरलेल्या वेळी त्यांच्या फोनवर घंटा वाजायची आणि प्रत्येक गोळीच्या नावापुढे दोन बटणं यायची, ‘घेतली’ आणि ‘नंतर’. आप्पांनी ‘घेतली’ दाबलं की माझ्या फोनवर हिरवी खूण उमटायची. औषधं मी दर महिन्याला ऑनलाइन मागवून घरपोच पाठवायची. आमच्या ऑफिसात मी हे ॲप कौतुकानं दाखवलंसुद्धा.

१८ महिने, साधारण ५४० दिवस. त्या गोळीपुढे एवढ्या दिवसांत लाल खुणा फक्त ११. असा रेकॉर्ड आमच्या कंपनीच्या सर्व्हरचाही नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आप्पांना दुसरा झटका आला.

ते अतिदक्षता विभागात होते आणि मी विम्याच्या कागदांसाठी दुकानाचा गल्ला उपसत होते. खालच्या कप्प्यात खडूचं एक रिकामं खोकं होतं, वर रबरबँड लावलेलं. उघडलं तर आत त्या एकाच गोळीच्या स्ट्रिप. एकही फोडलेली नाही. नीट रचून, जुन्या खाली, नव्या वर. दुकानदाराच्या जिवावर माल फेकून देणं येत नाही. मी तिथेच खाली बसून मोजल्या. ३६ स्ट्रिप, प्रत्येकी १५ गोळ्या. गणिताच्या सरांनी घोटून घेतलेला गुणाकार मी त्या दिवशी तीनदा केला. ५४०.

माझा सगळा डेटा हिरवा होता आणि त्यातली एकही गोळी माझ्या बापाच्या पोटात गेली नव्हती.

पहिल्यांदा मला राग आला. आप्पा खोटं बोलले, याचा. मग लाज वाटली. आमच्या धंद्यात एक वाईट सवय आहे. सॉफ्टवेअर चाललं नाही की आम्ही म्हणतो, वापरणाऱ्याची चूक. पण १८ महिने रोज रात्री एक माणूस खोटं बटण दाबतो, तर तो विसरभोळा नव्हे. ज्या माणसाला १९९४ सालची दोन रुपयांची उधारी आठवते, तो गोळी विसरेल? आप्पा विसरले नव्हते. त्यांनी ठरवलं होतं. आणि माझं ॲप फक्त विसरणाऱ्या माणसासाठी बनलेलं होतं. “का नाही घेतली?” असं विचारणारं बटण त्यात नव्हतंच.

ते घरी आल्यावर दहा दिवस मी काही बोलले नाही. मग एके संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसलो असताना ते खोकं त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, “आप्पा, ओरडणार नाही. फक्त का ते सांगा.” आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी हिशेब सांगावा तसं एकेक कलम सांगितलं. पुढे मी याविषयी वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की आप्पांच्या यादीतलं जवळजवळ प्रत्येक कलम जगभरच्या डॉक्टरांच्या यादीत आहे. आपल्या बॅचच्या डॉक्टर मैत्रिणीकडून हे भाषण आधी तपासून घेतलं आहे. आता आप्पांची कलमं एकेक करून सांगते.

पहिलं कलम. “रिपोर्ट नॉर्मल आला की.”

झटक्याच्या वेळी आप्पांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२ होतं. सहा महिन्यांनी ६१ आलं. आप्पांना वाटलं, रोग बरा झाला. तापाची गोळी ताप उतरला की थांबवतो, तसंच हे. चूक त्यांची म्हणावी, तर ही गोळी तशी नाही हे त्यांना कुणी मराठीत सांगितलंच नव्हतं. आपलं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं. स्टॅटिन ते तयार करणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा मूळ जागी. म्हणजे ६१ हा आकडा आप्पांचा नव्हता, गोळीचा होता.

आपण द्राक्षाच्या तालुक्यातली माणसं. बागेवर डाऊनी दिसायची वाट बघत फवारणी कुणी थांबवत नाही. पावसाळी हवेत हिरवीगार बाग बघून “आता कशाला औषध” असं म्हणणाऱ्या बागायतदाराचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. बाग हिरवी आहे ती फवारणीमुळे. हे असं सांगितल्यावर आप्पांना एका मिनिटात कळलं. ते म्हणाले, “हे त्या वेळी का नाही कुणी सांगितलं?” त्या कुणीमध्ये मीही आले.

दुसरं कलम. “पोटऱ्या दुखायच्या.”

हे त्यांनी मला २०१९च्या दिवाळीत सांगितलं होतं. फोनवर मी काय म्हणाले होते, ते त्यांना शब्दशः आठवत होतं. “आप्पा, मी वाचलंय, तसं काही होत नसतं. तुम्ही घ्या.” झालं. त्यानंतर त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

या दुखण्याबद्दल लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग मला इंजिनिअर म्हणून फार आवडला. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं त्यांनी घेतली. प्रत्येकाला १२ महिन्यांसाठी १२ बाटल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार बाटल्या रिकाम्या. क्रम उलटसुलट. आज त्रास किती, ते शून्य ते शंभरमध्ये रोज फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी त्रास ८. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे वाढलेल्या त्रासाचा ९० टक्के भाग नुसती गोळी घेण्यातूनच आला, त्यात औषध असो वा नसो.

याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा नाही. दुखणं खरंच होतं, त्याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत वेगळं निघालं. काही थोड्यांना औषधानंच स्नायू दुखतात, त्यांचा डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. क्वचित कुणाचे स्नायू फारच दुखून लघवीचा रंग गडद होतो, तेव्हा लगेच डॉक्टर गाठायचा. पण त्या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढेच आहे. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवला, आणि नंतर ६० पैकी ३० जणांनी गोळी पुन्हा सुरू केली. त्यांना कुणी “तसं काही होत नसतं” असं म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं वर्षभर रोज लिहून घेतलं होतं.

तिसरं कलम ऐकून तुम्ही हसाल. आम्हीही आता हसतो. “नातू म्हणाला, या गोळीवर द्राक्षं चालत नाहीत.”

नातू म्हणजे माझाच मुलगा. २०१९च्या नाताळच्या सुट्टीत आजोळी आला होता, वय दहा. आजोबांच्या गोळीचं नाव त्यानं इंटरनेटवर शोधलं. तिथे लिहिलं होतं, ‘ग्रेपफ्रूट’ टाळावं. ग्रेप म्हणजे द्राक्ष, फ्रूट म्हणजे फळ. इंग्रजी माध्यमाच्या फीचं सार्थक झालं.

ग्रेपफ्रूट हे संत्र्या-पपनसाच्या जातकुळीतलं आंबट-कडवट फळ. त्याचा रस जास्त प्रमाणात प्यायला तर काही स्टॅटिन शरीरात नीट मोडत नाहीत आणि रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं. आपल्या द्राक्षाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. पण महिना उजाडला जानेवारीचा. आपल्या तालुक्यातल्या माणसाला सांगा, जानेवारी ते मार्च एक तर द्राक्षं खा नाहीतर गोळी खा. आप्पांनी द्राक्षं निवडली. हंगामापुरती गोळी बंद ठेवली. तीन महिने काही झालं नाही. पोटऱ्याही बऱ्या वाटल्या. मग आलं लॉकडाउन, तपासणीला मिरजेला जाणं थांबलं आणि गोळी राहिली ती राहिलीच. माझं ॲप सुरू झालं तेव्हा गोळी आधीच बंद होती.

चौथं कलम. “तू पाठवलेली गोळी वेगळीच होती.”

मी ऑनलाइन मागवायचे तेव्हा स्वस्त पडेल ती कंपनी निवडायचे. औषध तेच, पण इथल्या मेडिकलमधली गोळी गोल पांढरी आणि माझी लांबट गुलाबी. आप्पांना वाटलं, पोरीनं भलतंच काहीतरी पाठवलं. म्हणून पुन्हा सुरू करावी असं मनात आलं तेव्हाही केली नाही. मला हे अडाणीपणाचं वाटलं होतं. मग वाचलं की २०१४ मध्ये अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. गोळीचा रंग बदलला की ती सुटण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलला की ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आमच्या क्षेत्रात एका बटणाचा रंग बदलायचा तर तीन बैठका होतात. बापाच्या गोळीचा रंग मी न सांगता बदलला.

पाचवं कलम. “सगळेच म्हणत होते, लिव्हर जातं.”

कट्ट्यावरचे मित्र, फोनवर आलेले मेसेज, कुणाचा तरी मेहुणा. हेही फक्त आपल्याकडचं नाही. डेन्मार्कमध्ये पावणेसात लाख स्टॅटिन घेणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा विरोधी बातम्या आल्या की गोळी लवकर सोडणारे वाढतात असं दिसलं. २०१६चा तो अभ्यास. खरं सांगायचं तर या गोळीला अगदीच दुष्परिणाम नाहीत असं नाही. साखर सीमेवर असलेल्यांची साखर थोडी वाढू शकते, यकृताची तपासणी डॉक्टर गरजेप्रमाणे करतात. पण यकृताला गंभीर इजा फार विरळा. आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे? १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात स्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होते. हे दुसरं पारडं कट्ट्यावर कुणी ठेवत नाही. ज्याला झटका आला नाही, तो “गोळीमुळे आला नाही” असं सांगत फिरत नाही.

शेवटचं कलम सांगायला आप्पांनी वेळ घेतला. म्हणाले, “बाकीच्या गोळ्या चुकल्या तर कळतं. बीपीची चुकली की डोकं जड होतं. ही घेतली काय, न घेतली काय, कळतच नाही. मग रोज रात्री झोपताना आपण आजारी आहोत, एवढीच आठवण करून द्यायला कशाला घ्यायची?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

आप्पा काही वेगळे नव्हते, हे मला नंतर कळलं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ज्येष्ठ रुग्णांचा अभ्यास झाला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाचं तीव्र दुखणं होऊन गेलेल्यांतही दोन वर्षांनी दहापैकी चारच जण ही गोळी नियमित घेत होते. पैसा हे अनेक घरांत खरं कारण असतं. त्यांच्यासाठी जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी हा चांगला मार्ग आहे. पण अमेरिकेत झटक्यानंतरची औषधं फुकट देऊन पाहिली, तेव्हाही नियमितपणा ४ ते ६ टक्क्यांनीच वाढला. म्हणजे प्रश्न खिशात थोडा आणि माणसाच्या मनात जास्त आहे.

गोळी चालू असती तर दुसरा झटका आला नसता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “खात्री देता येत नाही. शक्यता कमी झाली असती, एवढं नक्की.” आप्पांच्या हृदयाची पंपिंग क्षमता ५५ टक्क्यांवरून ३५ वर आली आहे. दुकानाचं शटर त्यांना आता उचलवत नाही, म्हणून गेल्या वर्षी दुकान बंद केलं. तुमच्यातले काही जण काल तिथे फोटो काढायला गेले आणि कुलूप बघून परत आले. कुलूप का आहे, ते आज सांगितलं.

आता काय करतो, ते सांगून संपवते. डॉक्टरांनी सातच्या पाच गोळ्या केल्या, त्यात दोन औषधं एकत्र असलेली एक गोळी आहे. भारत आणि युरोपातल्या सुमारे दोन हजार जणांच्या अभ्यासात, २०१३ मध्ये, अशी एकत्र गोळी घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के औषध नियमित घेत राहिले, वेगवेगळ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ६५ टक्के. पोटऱ्यांसाठी स्टॅटिन बदलून दिलं. कंपनी एकच ठेवली, औषध इथल्या मेडिकलमधून आप्पा स्वतः आणतात. सहा महिन्यांनी रक्त तपासतो आणि आकडा आप्पा उधारीच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहितात, जमेच्या बाजूला.

ॲप मी काढून टाकलं. आता रविवारी फोन करते आणि “गोळी घेतली का?” असं विचारत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘घेतली’ असंच येतं. मी विचारते, “या आठवड्यात गोळीचा कंटाळा आला का?” कधी ते म्हणतात, आला. कधी म्हणतात, बुधवारी घेतली नाही. ते ऐकून मी ओरडत नाही. खरं सांगते, फार अवघड जातं.

मित्रांनो, आपण आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. या सभागृहात कुणाच्या छातीत स्टेंट असेल, कुणाच्या आईवडिलांच्या असेल. गुरुजनांपैकीही काही जणांना असेल. माझं एवढंच मागणं आहे. गोळी सोडावीशी वाटली तर मनातल्या मनात सोडू नका, आधी डॉक्टरांना सांगा. आणि घरचं कुणी “पाय दुखतात” म्हणालं, तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका. आधी ऐकून घ्या.

बाई, विषयांतर झालं. तुम्ही समासात लिहा, मी मान्य करीन.

आणि हो, आप्पांचा निरोप आहे. दुकान बंद झालं असलं तरी वही चालू आहे. ज्यांची बाकी आहे त्यांनी घरी यावं, चहा मिळेल.